पितळी पाटी

सव्हाना नावाच्या गावात
दर घराला एक पाटी होती.
पितळेची. पुसून लख्ख.
इथं अमका जनरल तीन रात्री राहिला.
इथं तमक्या बाईनं अंगणात गुलाब लावले.
जावई वाचून दाखवायचे, मी मान हलवायचे
आणि झाडांवरनं लोंबणारं करडं शेवाळ बघत राहायचे,
जसं कुणी लोकर पिंजून वाळत घातलीय
आणि न्यायला विसरलंय.

लेक म्हणाली, जपलंय बघ कसं, आई.
जपलंय खरं.
नदीकाठच्या कापसाच्या वखारींत आता
साखरेत घोळलेले दाणे विकतात.
गाइडनं (काळा कोट, हातात कंदील, भर दुपारी!)
किती गासड्या, कुठलं जहाज, काय भाव,
सगळं सांगितलं.
वेचला कुणी, हे सांगताना
त्याची चाल जरा वाढली.
त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत, विचारा की,
मी जावयांना म्हटलं. त्यांनी विचारलं.
गाइडनं कंदील या हातातून त्या हातात घेतला.
म्हणाला, चांगला प्रश्न आहे.
मग चांगल्या प्रश्नाचं जे होतं तेच झालं,
पुढचा चौक आला.

सांगलीत परत येऊन अकरा दिवस झाले.
झोप अजून तिकडच्या घड्याळावर आहे.
पहाटे चारला उठते, चप्पल घालते,
आणि परगावच्या बाईसारखी गाव बघत हिंडते.

वखारभागात वखार शोधावी लागते.
हरभट रोडला कापडदुकानाच्या भिंतीवर
तेलरंगात मालकाच्या हातची रेघ: इथपर्यंत पाणी.
खाली साल. त्याच्या वर आणखी एक रेघ, आणखी एक साल.
ही एवढीच पाटी खरी.
बाकीच्या मी मनात ठोकत जाते.
मारुती चौक: इथं शमीम अत्तारनं
शिलाईमशीन कपाटावर चढवलं
आणि कपाटच तरंगत गेलं.
बंद पडलेल्या टॉकीजपुढं: इथं मध्यंतरात
दोघांनी एका पुड्यातलं भडंग खाल्लं.
(दुसऱ्याचं नाव नको. त्याला सुना आल्यात.)

आयर्विन पुलावर उजाडायला लागतं.
खाली कृष्णा, पाऊल बुडेल एवढी,
जशी काही तिनं कधी कुणाचं काही केलंच नाही.

मग हरिपूरचा रस्ता. चिंचा.
इथं पेवं होती.
जमिनीच्या पोटात हळद, वर्षानुवर्षं,
कीड नाही, बुरशी नाही.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे.
विझला तर वर ओढून घ्यायचे, थांबायचे.
नाही विझला तर शिदगोंडा उतरायचा.
वर यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पिवळ्या.
मला बघून हसायचा, दात तेवढे पांढरे.

आमचे दादा तोलाईदार.
त्यांची वही माझ्या ट्रंकेत आहे अजून.
पोती, मण, शेर, भाव, कच्चं वजन, पक्कं वजन,
शेटजींची नावं मोत्यासारख्या अक्षरात.
शिदगोंडा त्यात "हमाल ३" आहे.
एका पानावर "हमाल ३ गैरहजर", पुढं काही नाही.
मी तेव्हा चौथीत होते. विचारलं नव्हतं.
दादांचं अक्षर मात्र किती सुंदर,
सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

पेवांत पुराचं पाणी शिरलं, ती बुजली.
पाटी लावायची तर कशावर?
खड्ड्याला भिंत नसते.
मी नुसतीच उभी राहते,
पायानं माती उकरून बघते, उगीच.

टपरीवाला स्टोव्ह पेटवता पेटवता विचारतो,
मावशी, कुणाचं घर बघताय?
शिदगोंडाचं, म्हणते.
तो बोटं मोजतो. किराणावाला शिदगोंडा?
का मळ्यातला? का पिग्मीवाला?
इथं काय कमी हाईत शिदगोंडा?
आडनाव सांगा, म्हंजे सापडंल.